वार पाहून पाणी येत नाही

वाचकाचे पत्र (संक्षेपाने) : "मी जुळे सोलापुरात राहते. घरात आम्ही सहा जण आहोत : सासू-सासरे, मी, माझे पती, नववीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी. मी मोहोळ तालुक्यातील एका शाळेत शिक्षिका आहे आणि सकाळी सव्वाआठला घर सोडते. ह्यांचे नवी पेठेत दुकान आहे, ते दहाला निघतात. जूनमध्ये मी घरकामाचे वारांप्रमाणे वेळापत्रक करून स्वयंपाकघराच्या दारावर लावले. पंधरा दिवस ते चालले, नंतर कोणी त्याच्याकडे पाहीनासे झाले. स्वयंपाकघर लहान, डबे भरपूर, तरी वेळेला हवी ती वस्तू सापडत नाही. नवरात्राआधी साफसफाई करताना ज्वारीच्या कोठीत सोंडे निघाले. मी जुने डबे मोडीत घातल्यापासून सासूबाई माझ्याशी मोजकेच बोलतात. 'तू सांग, मी करतो' असे घरातले सगळेच म्हणतात. पण त्या सांगण्यानेच मी दमून जाते. काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

सांगण्याने येणारा जो थकवा तुम्ही लिहिला आहे, तोच तुमच्या पत्राचा गाभा आहे असे मला वाटते आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु आधी दारावरच्या वेळापत्रकाविषयी लिहिते, कारण ते का मोडले हे कळल्याशिवाय दुसरे करण्यात अर्थ नाही. तुम्ही त्याची प्रत पत्रासोबत पाठवली आहे. सोमवारी चादरी आणि अंथरुणे, बुधवारी फरशी आणि मोरी, शनिवारी स्वयंपाकघरातील फळ्या, अशी ती मांडणी आहे. ज्या गावात नळाला रोज पाणी येते तेथे ती कदाचित चालली असती. आपल्याकडे उजनी धरण भरलेले असले तरी शहराच्या बहुतेक भागांत चार-पाच दिवसांनी पाणी सुटते, आणि मध्येच जलवाहिनी फुटली किंवा वीज गेली तर तो दिवसही पुढे सरकतो. ज्या सोमवारी टाकीच्या तळाशी वीतभर पाणी उरले आहे, त्या सोमवारी सहा जणांच्या सोलापुरी चादरी कोण धुणार? भिजल्यावर एकेक चादर उचलताना दोघांचे हात लागतात आणि तिच्यातला साबण निघायला बादल्यामागून बादल्या पाणी लागते. तेव्हा सोमवार चुकला, बुधवारी पाणी आले, बुधवारची फरशी मागे पडून चादरी निघाल्या, आणि महिन्याभरात तो कागद नुसता दारावर राहिला. यात घरातील कोणाचा आळस आहे असे मी म्हणणार नाही. आपल्या गावाचे काम पाण्यावर चालते आणि तुम्ही ते वारांवर बांधले, एवढेच झाले.

म्हणून वार सोडा आणि पाण्याचा दिवस धरा. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी उरलेले पाणी संपवायचे : त्याने मोरी, संडास, अंगण धुवायचे, कुंड्यांना घालायचे आणि पिंपे पालथी करून आतून घासायची. पाण्याच्या दिवशी पिण्याचे पाणी भरायचे, टाकी भरायची, अंथरुणे-पांघरुणे आणि शाळेचे गणवेश धुवायचे, फरशी पुसायची. मधल्या दिवसांत पाणी न लागणारी कामे : निवडणे, दळण, फळ्या, इस्त्री, बाजार. पाणी एक दिवस उशिरा आले तर सगळी साखळीच एक दिवस पुढे जाते, काहीही चुकत नाही आणि कोणाला चुकल्यासारखे वाटतही नाही.

पिंपे आतून घासण्याचा आग्रह मी स्वच्छतेच्या हौसेपोटी धरत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. त्याची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि भांडे कोरडे पडले तरी ती महिनोन्महिने टिकतात. नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत, काथ्याने किंवा घासणीने खरवडावीच लागतात. अंड्यापासून उडणारा डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे चार-पाच दिवसांच्या प्रत्येक फेरीला पिंप घासले तर त्याला वाढायला वेळच मिळत नाही. पिंपावर झाकण नीट बसत नसेल तर जुन्या धोतराचे फडके घट्ट बांधावे.

पाण्याच्या दिवशी आणखी एक सवलत स्वतःला द्या. त्या सकाळी भाकऱ्या थापायच्या नाहीत. आपल्या गावाला कडक भाकरीची मोठी सोय आहे, तिच्यात ओलावाच उरत नसल्यामुळे ती बंद डब्यात कित्येक दिवस राहते. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि कांदा हे त्या दिवसाचे ठरलेले जेवण असू द्या. आमच्याकडे ते इतके अंगवळणी पडले आहे की पाणी सुटल्याचा आवाज आला की मुले आपणहून चटणीची बरणी काढतात.

आता त्या सांगण्याविषयी. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी 299 मिनिटे देतात आणि जे पुरुष घरकाम करतात ते 97 मिनिटे देतात, असे तिच्यात आढळले. हे आकडे बहुतांशी हातांनी केलेल्या कामाचे आहेत. गॅसचा सिलिंडर कधी लावला होता, डाळ किती उरली, मुलीची सहल कोणत्या तारखेला आहे, हे डोक्यात वागवण्याची मिनिटे यात कोणी मोजलेली नाहीत. आणि तुम्ही ज्याने दमता ते नेमके हेच ओझे आहे. तुमच्या वेळापत्रकाने कामे वाटली, पण ती कामे आठवणीत ठेवणे, वेळेवर सुचवणे आणि झाली की नाही हे पाहणे तुमच्याकडेच राहिले. पूर्वी तुम्ही सगळे करत होता, आता सगळे करवून घेता, आणि करवून घेणे हे करण्यापेक्षा अवघड असते, हे शाळेत वर्ग सांभाळणाऱ्या तुम्हाला मी वेगळे सांगायला नको.

तुमचे सासरे सूतगिरणीतून निवृत्त झाले आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांना विचारा, पाळी बदलताना यंत्र ताब्यात कसे घेत. भोंगा वाजला की पुढच्या पाळीचा माणूस यंत्रापाशी उभा राहायचा, सूत कुठे तुटते आहे हे स्वतः पाहायचा आणि त्यानंतरच्या आठ तासांत त्या यंत्राचे जे होईल ते त्याचे असायचे. घरातील काम तसे संपूर्ण सोपवावे लागते : लक्षात येण्यापासून संपेपर्यंत, लागणाऱ्या सामानासकट. तुमच्या घरात पाणी हे खाते सासऱ्यांचे होऊ द्या. पाणी कधी येणार याची शेजारी चौकशी, मोटार लावणे आणि बंद करणे, पिंपांची झाकणे, आदल्या दिवशी सर्वांना जाणीव देणे, हे त्यांच्याकडे. पिंपे घासण्याचे अंगमेहनतीचे काम नातवाने त्यांच्या हाताखाली करावे. तुम्ही 'बाबा, मोटार लावली का' असे एकदाही विचारायचे नाही. हे पाळणे तुम्हालाच सर्वांत जड जाणार आहे.

तुमचे पती सव्वाआठ ते दहा घरी असतात आणि मुलगी साडेअकराला शाळेत जाते. मग तिचा डबा हे त्यांचे काम का नसावे? त्यांना 'मदत' करायला सांगू नका. डबा त्यांच्या नावावर करा. काय करायचे ते ते ठरवतील, भाजी संपली तर दुकानातून येताना तेच आणतील, डबा संध्याकाळी दप्तरातून काढून घासायला टाकला की नाही हे तेच पाहतील. पहिल्या पंधरवड्यात मुलगी आठ वेळा पोहे नेईल. नेऊ द्या. एखाद्या दिवशी डबा राहीलही आणि बापाला दुकान सोडून शाळेत धावावे लागेल. त्या एका फेरीने जे कळेल ते तुमच्या शंभर सूचनांनी कळणार नाही. तुम्ही बसमधून फोन करून आठवण केलीत तर ते काम पुन्हा तुमचे झाले असे समजा.

मुलांच्या बाबतीत मी थोडक्यात लिहिते, कारण मोठी माणसे सरळ झाली की मुले आपोआप होतात. मुलाला पिंपे आणि स्वतःचे कपडे, मुलीला पाणी पिण्याची भांडी आणि जेवणाची ताटे-वाट्या मांडणे. मुलगा आहे म्हणून त्याला घराबाहेरचीच आणि मुलगी आहे म्हणून तिला चुलीपाशीचीच कामे देऊ नका. सहा महिन्यांनी अदलाबदल करा.

आता कोठी, आणि तिच्यासोबत सासूबाई, कारण माझ्या मते हे दोन प्रश्न एकच आहेत.

तुम्ही दोन क्विंटल ज्वारी मेच्या अखेरीस भरली, असे लिहिता. आपल्या भागातील शाळू, विशेषतः मंगळवेढ्याकडची मालदांडी, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. ती घरात आली की मार्च-एप्रिलच्या उन्हात दोन-तीन दिवस वाळवून लगेच भरली, तर वर्ष सहज निघते. मेअखेरीस वळवाचे ढग येऊ लागतात, हवेत ओल येते आणि धान्य ती ओढून घेते. दाणा दाताखाली धरून पाहावा. कट् असा आवाज होऊन तुटला तर वाळला, चेपला तर नाही. त्याहून मोठी चूक घाईत होते आणि ती आमच्या घरी झालेली आहे. मी लहान असताना बाळीवेशीतल्या माझ्या माहेरी लग्नाच्या गडबडीत गच्चीवरची तापलेली ज्वारी संध्याकाळी तशीच कोठीत ओतली आणि झाकण लावले. गरम धान्याची वाफ पत्र्याला आतून धरली, रात्री ती गार होऊन धान्यात उतरली आणि आषाढात कोठी उघडली तेव्हा वरच्या थराला बुरशीचा वास येत होता. आईने ती ज्वारी टाकताना जे डोळे पुसले ते मला अजून आठवतात. वाळवलेले धान्य रात्रभर घरात पसरून पूर्ण थंड करावे आणि मगच भरावे.

सोंडे लागण्याचे दुसरे कारण बहुधा तुमच्या कोठीच्या तळाशी आहे. जुनी पायलीभर ज्वारी शिल्लक असताना वर नवी ओतली तर जुन्या दाण्यांच्या पोटातली अंडी नव्या धान्याला वारसा म्हणून मिळतात. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि भोक बुजवते, म्हणून निवडून काहीच दिसत नाही. महिना-सव्वा महिन्याने आतून किडा बाहेर येतो तेव्हा कळते. कोठी पूर्ण रिकामी करून, सांध्यांतला भुसा झाडून, उन्हात दोन दिवस उघडी ठेवावी. ती भिंतीला टेकू नये आणि खाली लाकडी पाट असावा. काठोकाठ भरावी, कारण वर राहिलेली रिकामी जागा किड्याच्याच उपयोगी पडते; आणि रोज उघडू नये. महिन्याचे धान्य एका लहान कोठीत काढून घ्यावे आणि मोठी कोठी महिन्यातून एकदाच, तीही कोरड्या दिवशी दुपारी उघडावी. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थराथरात घालण्याची आपली पद्धत चांगली आहे, मात्र पाला कुरकुरीत वाळलेला हवा, नाहीतर तोच ओल देतो.

सध्याच्या ज्वारीचे असे करा. ऑक्टोबरचे ऊन कडक आहे. गच्चीवर काळ्या कागदावर बोटभर जाडीचा थर पसरून दोन-तीन दुपारी तापवा, सोंडे पळतील आणि अंड्यांपैकी बरीच मरतील. मग चाळून, पाखडून, थंड करून भरा आणि ही ज्वारी आधी संपवा. बुरशीचा वास किंवा काळे गठ्ठे असतील तर तेवढे धान्य मात्र गुरांनाही घालू नका.

एका गोष्टीची मी हात जोडून विनंती करते. कोणी धान्यात टाकायच्या गोळ्या सुचवतील. त्यांपैकी काही अल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. त्यांना ओल लागली की फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो, आणि कोठीशेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांचे जीव त्याने गेलेले आहेत. त्या घरात आणूच नका. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. बोरिक पावडर लावलेले धान्य धुतल्याशिवाय दळता येत नाही, आणि ज्वारी तर आपण न धुता दळतो, म्हणून तीही ज्वारीला नको.

हे सगळे तुमच्या सासूबाईंना माझ्यापेक्षा चांगले येत असणार. चाळीस वर्षे ज्या बाईने वर्षाचे धान्य सांभाळले तिच्या घरी यंदा ज्वारी मेअखेरीस का आली, हे तुम्ही त्यांना विचारले आहे का? मला वाटते, तुम्ही डबे मोडीत घातलेत तेव्हा त्यांना डब्यांचे वाईट वाटले नसेल. आपल्याला न विचारता ठरले, याचे वाटले असेल. त्यातला एखादा डबा त्यांच्या रुखवतात आला असेल, एखाद्यावर त्यांचे नाव कोरलेले असेल. मोडीत गेलेले परत येणार नाही, पण 'मी आधी विचारायला हवे होते' हे तुम्ही त्यांना म्हणू शकता, आणि म्हणावे. त्यानंतर कोठी हे खाते संपूर्णपणे त्यांच्या हाती द्या : कोणती ज्वारी, किती, कधी, कोणाकडून, दळण कितीचे. त्यांच्याकडून उचलण्याचे काम होणार नाही, ते नातू करील. ठरवण्याचे त्यांनी करावे. दळणाचेच पाहा, एकदम महिन्याचे दळून आणले तर ज्वारीच्या पिठाची विरी म्हणजे चिकटपणा जातो, भाकरी थापताना फाटते आणि पीठ कडवट लागते. आठ दिवसांचेच दळावे, ही गोष्ट सकाळच्या घाईत तुम्ही विसराल, त्या विसरणार नाहीत.

फळ्यांविषयी शेवटी लिहिते, कारण बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतात आणि नवे डबे घेऊन येतात. नवा एकही डबा घेऊ नका. एका मधल्या दिवशी सगळे सामान ओट्यावर काढा; हळदीच्या तीन पुड्या आणि साबुदाण्याचे दोन डबे निघतील, ते एकत्र करा. मग वस्तूंच्या प्रकाराप्रमाणे न लावता कामाप्रमाणे लावा. भाकरीची जागा : ज्वारीचे पीठ, काठवट, तवा, उलथणे आणि पाण्याचे भांडे एका हाताच्या अंतरात. चहाची जागा : साखर, चहापूड, आले, गाळणी, कप, म्हणजे सकाळी सासऱ्यांना कोणाला उठवावे लागणार नाही. डब्याची जागा : पोहे, रवा, शेंगदाण्याचे कूट, मुलीचे डबे, आणि ही जागा तुमच्या पतींनी स्वतः लावावी, त्यांच्या हाताला जे जिथे सापडते ते तिथेच. तुम्हाला ती मांडणी विचित्र वाटली तरी बदलू नका.

जड डबे कमरेच्या खाली, रोजचे कमरेपासून डोळ्यांपर्यंत, सणासुदीचे वर. नावाची चिठ्ठी झाकणावर लावू नका, झाकणे बदलतात. अंगावर लावा, ठळक देवनागरीत, म्हणजे सासूबाईंना चष्म्याविना वाचता येईल, आणि खाली भरल्याची तारीख लिहा. शेगडीच्या वरच्या फळीवर मसाले ठेवण्याची सवय आपल्याकडे सर्वत्र आहे, ती मोडा. उष्णतेने आणि वाफेने काळ्या तिखटाचा वास महिन्याभरात उडतो. काळे तिखट आणि शेंगाचटणी काचेच्या कोरड्या बरणीत, अंधाऱ्या गार जागी. चटणी पंधरा दिवसांपुरतीच करावी, कारण शेंगदाण्याचे तेल आपल्या उन्हाळ्यात लवकर खवट होते. काळे पडलेले, सुरकुतलेले किंवा बुरशीचे शेंगदाणे मात्र निर्दयपणे फेका. त्या बुरशीतले अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असते आणि ते भाजल्यानेही पूर्ण नष्ट होत नाही.

हे सगळे एकदम करू नका. या फेरीला फक्त पाणी सासऱ्यांकडे सोपवा आणि दारावरचा कागद काढा. त्या खिळ्याला कालनिर्णय लावा, जिच्यावर तुम्ही आत्ताही दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख लिहितच असाल. पाणी आले त्या प्रत्येक तारखेला सासऱ्यांनी निळ्या पेनाने खूण करावी. दोन महिन्यांच्या खुणा जमल्या की पाणी साधारण किती दिवसांनी आणि कोणत्या वेळी येते हे त्यांना घरातील सर्वांपेक्षा चांगले कळेल, आणि मुले चादरी कधी धुवायच्या हे तुम्हाला विचारण्याऐवजी आजोबांना विचारू लागतील. त्यानंतरच्या फेरीत कोठी, आणि दिवाळीची सुट्टी लागली की फळ्या. दिवाळीनंतर डब्याचे कसे चालले आहे ते मला जरूर लिहा.